हातचा

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर ओदिलनं
आकडे मांडलेत, एकाखाली एक:
चार वर्षांची फी, टोरंटोतली खोली, पुस्तकं,
आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात, ‘बूट’.
बाहेर उणे एकतीस. अंगणातल्या गाडीला
रात्रभर वायर जोडलेली,
म्हाताऱ्या माणसाला सलाइन लावावं तशी.

कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली,
‘बेरीज तपास ना, पापा.’

मी पिंजऱ्यावरचा माणूस.
सव्वीस वर्षं लोकांना खाणीत सोडतो, वर काढतो.
दोन किलोमीटर. कान दोनदा बंद होतात.
तळाशी निकेलवाले डावीकडे वळतात
आणि भौतिकशास्त्रवाले उजवीकडे.
ते खूप चालतात, मग आंघोळ करतात,
मग धुतलेले कपडे घालतात,
कारण आमच्या बुटांवरची चिमूटभर धूळ
त्यांच्या यंत्राला आरडाओरडा वाटते.
कशाची तरी वाट बघतात तिथे.
ते अजून आलेलं नाही.

पहाटेच्या पाळीला एकजण असतो, तोर्स्टेन.
सोमवारी त्याला विचारलं, डोक्यावरचा दिवा खाली वळवून
(पिंजऱ्यात कोणी कोणाच्या तोंडावर उजेड टाकत नाही),
‘या शिक्षणानं पदरात काय पडतं रे?’

तो हसला नाही. हे मला आवडलं.
म्हणाला, अकरा वर्षं शिकलो,
हे तिसरं कंत्राट, ऑगस्टात संपतं.
वर्गातले दोघे बँकेत. एकजण
विमा कंपनीत बसून पूर कधी येईल ते मोजते.
एक दवाखान्यात, गाठीला किरणं किती द्यायची ते ठरवते,
ती बहुतेक सुखी आहे.
एक पाव भाजतो. चांगला भाजतो.
‘आणि बाकीचे?’
तेवढ्यात तळ आला.

घरी मी दुसरा कागद घेतला.
खाणीच्या यंत्रशाळेत उमेदवारी:
पहिल्या आठवड्यापासून पगार,
तिसऱ्या वर्षी ट्रक, सातव्या वर्षी घर.
ओळखीचा रस्ता, खड्डेसुद्धा पाठ.
छान भरत आला होता कागद.
मग आठवलं, माझ्या बापाची फुप्फुसं
कुठल्या रकान्यात लिहायची?
पेन तसंच राहिलं.

जिझलेन पतपेढीच्या खिडकीत बसते,
रोज दुसऱ्यांची कर्जं बघते.
भांडी पुसता पुसता म्हणाली,
‘सतरा वर्षांत फिटतं. आपल्या दिवाणखान्यातला सोफा
त्याहून जुना आहे.’
ही बाजू घेत होती की घाबरवत होती,
लग्नाला एकवीस वर्षं होऊनही कळलं नाही.

एकदा खाणीत घरच्यांना न्यायचा दिवस होता.
ओदिल नऊ वर्षांची. पिशवीतून तिनं
न्हाणीघरातला वजनकाटा आणला, मला न विचारता.
पिंजरा सुटला तेव्हा ती काट्यावर उभी.
सुटताना तीन किलो कमी,
थांबताना चार किलो जास्त.
माझे सगळे सोबती वाकून बघत होते,
ज्यांनी हजारदा हाच प्रवास केला
आणि फक्त पोटात काहीतरी होतं एवढंच म्हटलं.
‘मी तर तीच आहे,’ ती ओरडली, ‘मग गेलं कुठे?’
कोणाला सांगता आलं नाही.
मी तर खाली बघून दार उघडलं.

आता बेरीज तपासतोय.
शतकाच्या घरात तेवीस झालेत,
तिनं तीन मांडले नि हातचे दोन विसरली.
म्हणजे दोन हजार डॉलर जास्त.
गप्प बसलो असतो तर चाललं असतं;
पुढे बँकेनं सांगितलंच असतं.

‘हातचे राहिले,’ मी म्हणालो, बोट ठेवून.

तिनं खोडलं, नवा आकडा लिहिला,
पेन्सिल दातात धरून बराच वेळ बघत राहिली.
मला वाटलं, आता कागद चुरगाळणार.

‘पापा, तो वजनकाटा आहे का अजून?’

आहे. न्हाणीघरात, टोपलीमागे.
दोन किलो जास्त दाखवतो.